एक मिनिट कोणी बोलू नका

४ ऑगस्ट

ही वही कॉलेजनं दिली आहे. वर 'ध्वनिमुद्रणाच्या नोंदी' असं छापलंय आणि आत रकाने आहेत: जागा, वेळ, माणूस, मिनिटं. मी अजून एक शिंकही मुद्रित केलेली नाही, तेव्हा रकाने राहू देत, तोवर माझंच लिहिते.

बातमी अशी की मला ध्वनी गटात घेतलं. संवाद, पत्रकारिता आणि माध्यमनिर्मिती असं आमच्या अभ्यासक्रमाचं लांबलचक नाव. वर्गात साठ जण, त्यातल्या बावन्न जणांना कॅमेऱ्यापुढे नाहीतर कॅमेऱ्यामागे उभं राहायचंय. उरलेले आठ आम्ही. आठात पहिलं येण्यात काय मोठेपणा, असं कोणी म्हणेल, पण यादीत पहिलं नाव माझं होतं आणि मी जिना तीन-तीन पायऱ्या गाळत उतरले.

घरी आले तर बाबा दारात बूट काढत होते. म्हटलं, बाबा, मला आवाजाच्या गटात घेतलं, पहिलं नाव माझं आहे. बाबा म्हणाले, "हो, फाटकापाशी ठेवलीय." काय ठेवलीय, तर सायकल. मग आई हात पुसत बाहेर आली, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ती म्हणतेय, तिला आवाजाच्या गटात घेतलं. पहिली आली." तेव्हा कुठे बाबा हसले आणि वा, छान म्हणाले. मी सांगितलं ते गेलं वाऱ्यावर, आईनं सांगितलं ते छान. बापलेकीची भाषा एकच असून आमच्यात आई दुभाषी लागते.

चीड याची येते, की बाबांचं कामच ऐकायचं. ते पाणीखात्यात गळती शोधतात. जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय ते लोखंडी कांब लावून ऐकतात, रस्त्यावर खडूनं फुली मारतात, मग खोदणारे तिथे खोदतात. सव्वीस वर्षं रस्त्याला कान देणारा माणूस घरी आल्यावर पोरीला देत नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या घरात फक्त भिंतींनाच आहेत.

९ ऑगस्ट

आज ध्वनीचा पहिला तास. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, केस बारीक कापलेले, पायात रबरी तळाच्या चपला, त्यामुळे त्या वर्गात केव्हा आल्या ते कळलंच नाही. आल्या आल्या म्हणाल्या, "एक मिनिट कोणी बोलू नका." टेबलावरचं यंत्र सुरू केलं आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. माझ्या शेजारी बसतो त्या मुलाला सगळे ब्रेकिंग म्हणतात, कारण पाण्याची बाटली संपली हेसुद्धा तो बातम्यांच्या आवाजात सांगतो. गप्प राहून त्याचा चेहरा लाल झाला होता.

मिनिट संपल्यावर बाईंनी तेच मिनिट मोठ्या स्पीकरवर लावलं.

काय सांगू. ट्यूबलाइट गात होती. भिंतीतून पाणी खाली चाललं होतं. कोणाचं तरी पोट बोललं. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, लांब कुठेतरी दोन माणसं लोखंड उतरवत होती. आणि या सगळ्याच्या तळाशी एक बारीक घुमारा होता, तो म्हणे त्या खोलीचा स्वतःचा. मी अठरा वर्षांची आहे, कान धडधाकट आहेत, आणि हे सगळं रोज चाललेलं असताना मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बाईंनी नियम सांगितला. जिथे कोणाची मुलाखत घ्याल, तिथे शेवटी एक मिनिट त्या रिकाम्या खोलीचं मुद्रण करायचं, कोणी बोलायचं नाही. पुढे मुलाखत कापताना मधे भोकं पडतात, ती त्या मिनिटानं बुजवायची. दुसऱ्या खोलीची शांतता चालत नाही, लगेच कळतं. तासाच्या शेवटी वर्गानं त्यांचं नाव ठेवलं मिनिटबाई.

१८ ऑगस्ट

सही करून रेकॉर्डर आणि हेडफोन घरी आणले. हरवले तर वर्षभराची फी गेली, म्हणून पिशवी पोटाशी धरून चालले.

संध्याकाळभर रस्त्यावर फिरले. चांभाराचा दोरा चामड्यातून ओढताना जो आवाज येतो तो मी पाच वेळा घेतला, शेवटी त्यानं विचारलं, ताई, चप्पल कुठाय? शाळा सुटल्यावरच्या मैदानाचा घेतला. इस्त्रीवाल्याच्या ओल्या कापडाचा घेतला. एका बंद दुकानाच्या शटरला नुसता वारा लागत होता, तिथे मी वीस मिनिटं उभी होते, लोक बघत होते तर बघू देत. सगळं जग इतके दिवस माझ्याशी बोलत होतं आणि मी आपली स्वतःचीच बडबड करत होते असं वाटलं.

घरी येऊन हेडफोन बाबांच्या डोक्यावर घातले. म्हटलं ऐका, शटर ऐका. बाबांनी डोळे मिटले, मान हलवली, हळूच म्हणाले, "छान आहे." मला इतका आनंद झाला. मग खाली बघते तर रेकॉर्डर सुरूच केला नव्हता. बंद यंत्राचं कौतुक केलं बाबांनी. पोरीचं मन राखलं म्हणायचं की पोरीच्या शिक्षणात काडीचा रस नाही म्हणायचं? मला दुसरंच खरं वाटतं. आईला सांगितलं तर ती बराच वेळ भांडीच घासत राहिली.

२ सप्टेंबर

या सत्राचं मोठं काम मिळालं. दहा मिनिटांचा माहितीपट, फक्त आवाजाचा, एका काम करणाऱ्या माणसावर. सगळ्यांत चांगला असेल तो १० ऑक्टोबरच्या शुक्रवारी इथल्या रेडिओ केंद्रावरून लागणार. मी बेकरीवाल्यावर करते म्हणाले. मिनिटबाईंनी सहज विचारलं, वडील काय करतात? मी सांगितलं. त्या खुर्चीत सरळ झाल्या. "घरात असा माणूस आहे आणि तू पाव भाजायला निघालीस?"

आता बाबांची मुलाखत घ्यायची. आमच्यात गप्पा अशा होतच नाहीत. अगदी लहानपणी व्हायच्या. तेव्हा मला पुढ्यात घेऊन, हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवून ते बसत आणि मी मोठ्यानं धडा वाचत असे. एकच धडा तीन-तीनदा वाचायला लावायचे. दुसरीत असताना हनुवटी टोचते म्हणून मी ते बंद पाडलं. त्यानंतर काय बिनसलं कोणास ठाऊक, बाबा आपले त्यांच्या जगात.

८ सप्टेंबर

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

पहाटे उजाडता उजाडता बाबांबरोबर गेले. रहदारी सुरू व्हायच्या आत ऐकायचं असतं. शिंप्याच्या दुकानासमोर दोन दिवस नळाला पाणी बारीक येत होतं, रस्ता मात्र कोरडा ठणठणीत. बाबांची कांब माझ्या खांद्याइतकी उंच आहे, वरच्या टोकाला लाकडी गोटा, तो हातानं झिजून काळा झालेला. त्यांनी लोखंडी झाकण उघडलं, कांबेचं खालचं टोक आतल्या नळाच्या चावीवर टेकवलं, गोटा कानामागे लावला आणि डोळे मिटले. मग चार पावलं पुढे, रस्त्यावर टोक, डोळे बंद. पुन्हा चार पावलं. मधेच मागे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी घरी कधी पाहिलेलं नाही. देवासमोर उभी राहिलेली माणसंही इतकी हजर नसतात.

मी विचारलं, मला देता का? त्यांनी कांब माझ्या हातात दिली, गोटा कानाच्या भोकावरून उचलून मागच्या हाडावर बसवला आणि बोट ओठांवर ठेवलं.

खाली नदी होती. मी रोज ज्या रस्त्यावरून जाते त्याच्या खाली अंधारात एक अख्खी नदी वाहत होती, आणि तिच्यात एके ठिकाणी कोणीतरी सतत फुंकर मारत होतं. बाबांनी कांब परत घेतली, आणखी दीड पाऊल सरकले आणि फुली मारली. खोदणाऱ्यांनी खोदलं. कमरेइतक्या खड्ड्यात, फुलीच्या बरोबर खाली, नळाला केसाएवढी चीर होती.

मला माझ्या बापाची ओळख आज झाली असं वाटलं.

दुपारी घरी मुलाखत मात्र भलतीच झाली. मी रेकॉर्डरकडे मान घालून प्रश्न विचारायची आणि बाबा तिसरंच काही सांगायचे. कामाची कधी भीती वाटली का? "सव्वीस वर्षं." शिकलात कोणाकडे? "नाही, पावसाळ्यात जास्त." मग दारातून आईनं तेच विचारलं की नीट उत्तर. इतकं पुटपुटत बोलतात की यंत्राची सुई हलत नाही. कंटाळून मी आवरतं घेतलं.

१५ सप्टेंबर

चार दिवस एडिटिंगच्या खोलीत काढले. काय ताकद आहे या कापण्यात. चुकीची उत्तरं काढली, आईचा आवाज काढला, माझे दोन-दोनदा विचारलेले प्रश्न काढले, आणि बाबा हजरजबाबी झाले. पडद्यावर माणसाचं बोलणं डोंगरांच्या रांगेसारखं दिसतं, नको तो डोंगर उचलून बाजूला ठेवायचा. निवेदनात वाक्य घातलं: "या माणसाचे कान शहरात सर्वांत तिखट आहेत." ब्रेकिंगनं ऐकून हात जोडले. अंगावर मूठभर मांस चढलं.

१९ सप्टेंबर

चढलेलं मांस उतरलं.

मिनिटबाई डोळे मिटून, हातात पेन्सिल घेऊन ऐकत होत्या. मी जिथे जिथे कापलं होतं तिथे तिथे पेन्सिल टेबलावर वाजली. चौदा वेळा. एकही चुकली नाही. संपल्यावर म्हणाल्या, "खोली कुठे गेली?" तेव्हा मला आठवलं, मी ते एक मिनिट घेतलंच नव्हतं. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आणणारं मिनिट, आणि स्वतःच्या घरी विसरले.

घरी जाऊन तेवढं घेऊन ये म्हणाल्या. मग विचारलं, "कापलेलं फेकलं नाहीस ना?" नाही म्हटलं. "मग ते एकदा सलग ऐक. माणूस बऱ्याचदा तिथे असतो." कापलेल्यात फक्त गोंधळ आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

२१ सप्टेंबर

बाबांना तशाच खुर्चीत बसवलं, स्वयंपाकघराकडे पाठ. एका कागदावर लिहून दाखवलं: एक मिनिट बोलायचं नाही. चाळीस सेकंद झकास गेले आणि आईच्या हातून परात पडली. फरशीवर अशी आदळली की शेजारच्या कुत्र्यानं भुंकायला सुरुवात केली. मी किंचाळले, आई अगं बाई म्हणाली. बाबा मात्र ठरल्याप्रमाणे हललेसुद्धा नाहीत, माझ्याकडे बघत शांत बसून होते. मी हात हलवल्यावर म्हणाले, "झालं?" घरात एकाला तरी शिस्त आहे. दुसरं मिनिट घेतलं, ते चांगलं आलं.

२३ सप्टेंबर

चांगल्या मिनिटाच्या आधी ते बिघडलेलं लागलं. गंमत म्हणून ऐकलं, आवाज पूर्ण चढवून.

बाबांचा श्वास ऐकू येतो. आत, बाहेर. आत, बाहेर. मग परात, माझी किंकाळी, आई, कुत्रा. आणि त्या सगळ्याखाली श्वास तसाच चालला आहे. आत, बाहेर. अडखळत नाही, थांबत नाही, लांबत नाही. मी अकरा वेळा लावलं.

शिस्तीनं माणूस हलायचा थांबेल, श्वासाचं दचकणं कसं थांबवेल?

मग कापलेले चौदा तुकडे सलग ऐकले. सव्वीस वर्षं. नाही, पावसाळ्यात जास्त. आणि मागचं आठवत गेलं: फाटकापाशी ठेवलीय. बंद हेडफोन, छान आहे. माझ्या बाबांना ऐकू येत नाही. मी आवाज शिकते, मला जमिनीवर पडलेल्या टाचणीचा सूर ओळखता येतो, आणि एका घरात राहून मला हे ऐकू आलं नाही. बहिरी माणसं ओरडून बोलतात अशी माझी समजूत होती. बाबा तर दिवसेंदिवस हळू बोलत गेले.

२४ सप्टेंबर

आईला विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, तुझ्या जन्माच्या आधी थोडं होतं, तू शाळेत जायला लागलीस तेव्हा वाढलं. मग दाराकडे बघून आवाज उतरवला, जसं काही बाबा ऐकतील. "त्यांना वाटतं मला माहीत नाही. राहू दे तसंच." अठरा वर्षं ती समोर उभी राहून बोलतेय, ओठ दिसावेत म्हणून दिव्याखालची जागा धरून बसतेय, आणि मी तिला दुभाषी म्हणून हिणवलं.

तिनं पुढे सांगितलं ते जास्त कठीण आहे. बाबांच्या निवृत्तीला तीन वर्षं आहेत. गळती ऐकणारा माणूसच बहिरा आहे हे खात्याला कळलं तर त्यांना कोठारात नट मोजायला बसवतील. "पगार तोच मिळेल गं. पण कांब काढून घेतल्यावर त्या माणसात काय उरेल?" आई म्हणाली, तुझा कार्यक्रम कर, परातीचं नाव काढू नकोस.

आज दुपारी कॉलेजात यादी लागली. काल भोकं बुजवून दिलेला माझा माहितीपट रेडिओसाठी निवडलाय. तिखट कानांचा.

२८ सप्टेंबर

चार दिवस एकच किडा डोक्यात: मग बाबा फुल्या मारतात त्या कशाच्या जोरावर? अंदाजपंचे? सव्वीस वर्षं शहराला फसवलं का त्यांनी? असं मनात आणल्याची लाज वाटते, पण आणलं खरं. त्या दिवशीची चीर योगायोगानं सापडली असेल तर रेडिओवर मी काय सांगतेय?

पहाटे पुन्हा गेले, या वेळी नुसती बघायला. जागा कुंभारवाड्यामागची गल्ली. बाबा झाकणापासून निघाले, कांब टेकवत, गोटा त्याच हाडावर. एका ठिकाणी त्यांची खात्री पटेना. तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले, लाकडी गोटा दातांत धरला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. कानांवर हात! तसेच ते उभे राहिले, मग एक पाऊल डावीकडे आणि फुली. तासाभरानं तिथूनच पाणी उसळलं.

चहाला थांबलो तेव्हा मी रुमालाच्या चिंध्या करून दोन्ही कानांत घट्ट कोंबल्या. चहावाल्याचे नुसते ओठ हलताना दिसत होते. तशीच जाऊन कांब टेकवली, गोटा कानामागच्या हाडावर. आणि ती नदी आली. पूर्वीपेक्षा स्वच्छ, कारण आता जगात दुसरं काहीच नव्हतं. कवटीच्या आतच वाहत होती. मी भर रस्त्यात हुंदके देत उभी राहिले. फसवणूक नव्हती. आमच्यापैकी कोणीही ज्या दारानं ऐकत नाही, हाडाच्या त्या दारानं बाबा ऐकतात. आमचं बोलणं त्या दारापर्यंत पोहोचत नाही, एवढंच.

४ ऑक्टोबर

दोन आवृत्त्या केल्या. पहिली निवडलेली, गुळगुळीत. दुसरीत चौदाच्या चौदा तुकडे परत घातले, माझे वैतागलेले प्रश्न, आई, परात आणि तो श्वास. तिखट कानांचं वाक्य काढलं. मिनिटबाईंना दोन्ही ऐकवल्या. पहिली खोटी आहे आणि दुसरी तुझी नाही, असं त्या म्हणाल्या. दुसरी ज्यांची आहे त्यांना विचार.

आई भाजी आणायला गेली तेव्हा बाबांसमोर खुर्ची ओढून बसले. तोंड उजेडात धरलं आणि सावकाश म्हणाले, बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही, मला कळलंय.

बाबांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं. मग म्हणाले, "आईला सांगू नकोस."

नेमकी तेव्हाच आई पिशवी घेऊन दारात आली होती. तिनं ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि पावलं न वाजवता, खरं तर त्याची गरज नव्हती, पुन्हा बाहेर जाऊन उभी राहिली.

कॉलेजातून आणलेला स्पीकर मी टेबलावर ठेवला. कागदावर लिहून सगळं समजावलं: कोणती आवृत्ती लागली तर काय होईल. बाबांनी वाचलं, उठले, दाराआडून कांब आणली. खालचं टोक स्पीकरच्या लाकडी खोक्यावर टेकवलं, गोटा कानामागे, डोळे बंद. मी पहिली लावली. दहा मिनिटं ते हलले नाहीत. दुसरी लावली. परात पडली आणि बाबा दचकले. तेरा दिवसांनी दचकले. मग त्या गोंगाटाखालचा स्वतःचा श्वास त्यांनी ऐकला.

संपल्यावर त्यांनी डोळे उघडले, पण कांब खाली ठेवली नाही.

"ती प्रश्न विचारणारी," म्हणाले, "ती तू?"

मी मान हलवली.

"असा आवाज आहे होय तुझा. तू दुसरीत होतीस तेव्हाचाच मी अजून धरून बसलो होतो." मग पुन्हा खोक्याकडे बोट केलं. "तू बोलतेस तेवढं परत लाव."

मी लावलं. तीनदा लावलं. भीती वाटली का कधी, शिकलात कोणाकडे. माझ्या चिडक्या आवाजातले ते दोन प्रश्न बाबा असे ऐकत होते, जशी पहाटे नदी ऐकतात. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

शेवटी म्हणाले, "पहिलीतला माणूस मी नाही. रेडिओवर दुसरी लाव." मी कागदावर लिहिलं: कांब जाईल. त्यांनी वाचलं आणि कागदाची घडी केली. साहेबांना मी आधी जाऊन सांगतो, रेडिओवरून कळायला नको, म्हणाले.

७ ऑक्टोबर

बाबा सांगून आले. साहेबांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं, दातांत गोटा धरल्याचं ऐकून हसले नाहीत. पुढच्या महिन्यात डॉक्टरची तपासणी. तोवर रस्त्यावर जायचं नाही, कोठारात बसायचं. कांब बाबांची स्वतःची आहे, ती घरी आली. दाराआड उभी आहे.

आई म्हणते हाडाचं ऐकणं डॉक्टरला कळेल, त्यांना परत पाठवतील. मला तसं छातीठोक म्हणता येत नाही. दहा मिनिटांच्या कार्यक्रमासाठी मी बापाच्या हातातलं काम घालवलं का? खरं सांगायचं शिकवतात, त्याची किंमत घरच्यांनी मोजायची असते हे कोणी शिकवलं नव्हतं. सकाळी बाबांना डबा घेऊन कोठाराकडे जाताना पाहिलं. रस्त्यावरच्या प्रत्येक लोखंडी झाकणापाशी त्यांचं पाऊल जरा हळू होत होतं.

१० ऑक्टोबर

लागला. परातीआधीची शांतता रेडिओवाल्यांना नको होती, लोकांना केंद्र बंद पडलं असं वाटेल म्हणत होते. मिनिटबाई भांडल्या आणि वीस सेकंद राखले. बाबांनी रेडिओवर कांब टेकवली, आई शेजारी बसली. वीस सेकंद संपेपर्यंत आम्ही तिघांनी श्वास धरला होता. शेवटी माझं निवेदन: "हे ऐकणारा माणूस बहिरा आहे. त्यानं हे सांगायला परवानगी दिली आहे." आईनं पदरानं तोंड पुसलं आणि बाबांच्या समोर जाऊन, नेहमीच्या जागी उभी राहून म्हणाली, "अहो, मला ठाऊक होतं." बाबा म्हणाले, "मला वाटलंच होतं."

१२ ऑक्टोबर

आज सुट्टी. मी खाली बसून हीच वही चाळत होते. बाबा मागच्या खुर्चीत होते. काय लिहितेस असं त्यांनी विचारलं. मी वळून, तोंड उजेडात धरून सांगितलं की रोजचं, आपलंच. वाच म्हणाले.

मी उठून कांब आणायला निघाले, तर नको म्हणाले. खुर्ची पुढे ओढली आणि वाकून हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवली. आता दाढीचे खुंट पांढरे आहेत. अजून तशीच टोचते.

मी पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले. सायकल आली तेव्हा डोक्यावर हनुवटी हलली, ते हसले असावेत. मग भिंतींच्या कानांचं वाक्य आलं आणि मी थांबले. पान उलटून टाकावं असं वाटलं, पण वाचलं. सगळं वाचलं, एक शब्द न गाळता.

हनुवटी तिथेच होती. अगदी हळू बाबा म्हणाले, "पुढे."